लाकूडकाम यंत्रांची सागरी आयात : प्रकल्प नोंदी

८ जानेवारी

प्रशिक्षण कर्मशाळेसाठी निवडलेल्या यंत्रांची मागणी उत्पादकाकडे आज तत्त्वतः निश्चित झाली. बँडसॉ (पट्टी करवत), रंधा यंत्र, स्पिंडल मोल्डर (लाकडाच्या कडांना आकार देणारे यंत्र) आणि भुसा ओढून घेणारा डस्ट कलेक्टर अशी चार यंत्रे असून त्यांच्याबरोबर पाती आणि सुटे भाग यांचा एक स्वतंत्र क्रेट येणार आहे. यंत्रांची निवड झाली म्हणजे निम्मे काम झाले, अशी समजूत समितीच्या बैठकीत जाणवली. माझे मत वेगळे आहे. यंत्र उत्तम आणि वाहतूक ढिसाळ असेल तर हाती येते ते गंजलेले बीड (ओतीव लोखंड) आणि बंदरावरचे बिल, म्हणून या नोंदी यंत्रांविषयी नसून त्यांच्या प्रवासाविषयी आणि तो प्रवास ज्याच्या हवाली करायचा त्या एजंटविषयी आहेत.

उत्पादकाची प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, म्हणजे विक्रीपूर्व किंमतपत्र, एक्स वर्क्स अटीवर आलेली आहे. या अटीत विक्रेता आपल्या कारखान्यात माल तयार ठेवतो आणि त्याची जबाबदारी तिथेच संपते. गाडीत माल चढवणे आणि निर्यातीची सीमाशुल्क प्रक्रिया पार पाडणे हेही खरेदीदाराच्या गळ्यात पडते. परक्या देशात नोंदणी नसलेल्या खरेदीदाराने निर्यातदार म्हणून कागद दाखल करणे अनेक ठिकाणी शक्यच नसते, आणि शक्य असले तरी त्या किमतीतली स्वस्ताई कागदावरच राहते. त्यामुळे अट बदलून घेणे हे पहिले काम ठरले.

१५ जानेवारी

तीन एजंटांकडे एकाच दिवशी एकच पत्र पाठवून दरपत्रके मागवली होती. तिन्ही आली.

पहिल्याचा दर सर्वांत कमी होता, पण तो केवळ सागरी भाड्याचा होता. गंतव्य बंदरावरची टर्मिनल हाताळणी, डिलिव्हरी ऑर्डरचे (माल ताब्यात देण्याच्या आदेशाचे) शुल्क, गोदामाचे शुल्क आणि कागदपत्रांचे शुल्क यांपैकी एकाचाही उल्लेख त्यात नव्हता. सामायिक कंटेनरने, म्हणजे एलसीएलने, येणाऱ्या मालाच्या बाबतीत हे फार काळजीपूर्वक पाहावे लागते, कारण या व्यवसायात सागरी भाडे नाममात्र दाखवून खरी वसुली उतरण्याच्या बंदरावर करण्याची पद्धत सर्रास चालते. तिथे माल पोहोचलेला असतो आणि शुल्क भरल्याशिवाय तो सुटत नाही, म्हणून घासाघीस करायला आयातदाराच्या हाती काहीच उरत नाही.

दुसऱ्याने सर्व शुल्के मांडली होती, पण दराची मुदत आणि मोफत दिवस, म्हणजे जादा आकार न लागता कंटेनर ठेवता येणारे दिवस, यांविषयी मौन होते.

तिसऱ्याने दरपत्रक पाठवण्याआधी प्रश्न पाठवले. बीड किती, पत्रा किती. तेल भरलेले गिअरबॉक्स आहेत का. क्रेट फोर्कलिफ्टने दोन बाजूंनी उचलता येतो की चारही. एकावर एक रचता येतो का. उतरवण्याच्या जागी धक्का आहे का, की कंटेनर ट्रेलरवर असतानाच माल जमिनीवर घ्यायचा आहे. पैसे कोणत्या टप्प्यावर दिले जाणार आणि मूळ बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजी मालाची पावती आणि ताब्याचा कागद, तोवर कोणाकडे राहणार. दर मधला होता. मी याच एजंटची शिफारस केली आहे आणि कारण टिपणात स्पष्ट लिहिले आहे : वाटेत काय बिघडू शकते हे ज्याला आधी दिसते, त्याच्याच हाती माल द्यावा. दरातला फरक पुढच्या एखाद्या टप्प्यावर भरून निघतो. न विचारलेला प्रश्न मात्र बंदरावर उभा राहतो.

१९ जानेवारी

एजंटला एक प्रश्न लेखी विचारला : या व्यवहारात आपण आमचे प्रतिनिधी आहात की वाहतूकदार? हा भेद वरवर तांत्रिक वाटतो, पण माल खराब झाल्यावर दार कोणाचे ठोठवायचे ते यावरच ठरते. एजंट केवळ प्रतिनिधी असेल तर तो आमच्या वतीने शिपिंग लाइनशी करार करतो आणि वाहतुकीतील हानीसाठी लाइन जबाबदार राहते. तो स्वतःच्या नावाने हाऊस बिल ऑफ लेडिंग देत असेल तर आमच्यापुरता वाहतूकदार तोच ठरतो, मग त्याचे स्वतःचे एकही जहाज नसले तरी चालते.

उत्तर स्पष्ट आले. सागरी प्रवासासाठी ते हाऊस बिल देणार आहेत, म्हणून त्या टप्प्याचे वाहतूकदार तेच; बंदरावरच्या सीमाशुल्क कामात मात्र ते आमचे प्रतिनिधी म्हणून वागतील आणि तिथे आयातदार म्हणून कायदेशीर जबाबदारी आमची राहील. सोबत त्यांच्या व्यवहाराच्या छापील अटीही मागवून घेतल्या आणि भरपाईच्या मर्यादेचे कलम समितीपुढे ठेवले.

२२ जानेवारी

अटीचा निर्णय झाला. उत्पादकाने एफओबी (फ्री ऑन बोर्ड) सुचवले होते, आम्ही एफसीए (फ्री कॅरियर) मागितले आणि ते मान्य झाले.

यामागचे कारण नोंदवून ठेवतो, कारण एफओबी हा शब्द सवयीने सगळीकडे वापरला जातो. आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या इन्कोटर्म्स २०२० या खरेदी-विक्रीच्या प्रमाणित अटींच्या संचात एकूण ११ अटी आहेत आणि त्यांपैकी एफएएस, एफओबी, सीएफआर व सीआयएफ या चार केवळ समुद्र आणि अंतर्गत जलमार्गाच्या वाहतुकीसाठी आहेत. एफओबीमध्ये माल जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराकडे जाते. कंटेनर मात्र जहाज लागण्याच्या कितीतरी आधी टर्मिनलच्या ताब्यात जातो, आणि त्या मधल्या काळात तो विक्रेत्याच्या नजरेआड असूनही जोखीम विक्रेत्याचीच राहते. अशा काळात काही घडले तर दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवतात. एफसीएमध्ये ठरलेल्या जागी एजंटच्या ताब्यात माल दिला की जोखीम हस्तांतरित होते आणि निर्यातीचे सीमाशुल्क विक्रेताच पूर्ण करतो. आम्ही ठिकाण म्हणून टर्मिनलजवळचे, एजंटच्या निर्यात कार्यालयाचे गोदाम, त्याच्या पूर्ण पत्त्यासह करारात घातले. अटीपुढे ठिकाणाचे नेमके नाव नसेल तर ती अट अर्धवट राहते.

२९ जानेवारी

एलसीएल घ्यावे की पूर्ण कंटेनर, या प्रश्नावर आज मापे हाती आल्याने विचार करता आला.

बँडसॉचा क्रेट १.३ × १.१ × २.३ मीटर, रंधा यंत्राचा २.४ × १.२ × १.३, स्पिंडल मोल्डरचा १.४ × १.३ × १.४, डस्ट कलेक्टरचा २.० × १.१ × १.५ आणि सुट्या भागांचा १.२ × ०.८ × ०.७. एकूण आकारमान १३.५५ घनमीटर भरते. ढोबळ वजने अनुक्रमे ७८०, १०५०, ६२०, ३१० आणि २४० किलो, म्हणजे एकूण ३ टन. एलसीएलचे भाडे घनमीटर आणि टन यांतील जो आकडा मोठा त्यावर आकारले जाते, त्यामुळे ३ टनांचा आमचा माल भाड्याच्या हिशेबात १३.५५ एकक ठरतो. २० फुटी कंटेनरची क्षमता सुमारे ३३ घनमीटर असते. माल निम्म्याहून कमी जागा व्यापतो, तरीही गंतव्याची शुल्के धरून पाहता दोन्ही पर्यायांतील अंतर फार थोडे उरले.

ते थोडे अंतर मोजून पूर्ण कंटेनर घ्यावा असे मी सुचवले. एलसीएलमध्ये माल निर्यात बंदराच्या गोदामात इतरांच्या मालासोबत भरला जातो आणि उतरल्यावर पुन्हा गोदामात सुटा केला जातो. प्रत्येक ठिकाणी फोर्कलिफ्ट, प्रत्येक ठिकाणी रचाई. शिवाय त्याच कंटेनरमधल्या दुसऱ्या कोणाचा माल सीमाशुल्क तपासणीत अडकला तर आपलाही थांबतो. बिडाच्या पृष्ठभागाची अचूकता हेच ज्या यंत्राचे मोल, त्याला जितके कमी हात लागतील तितके चांगले.

३१ जानेवारी

एजंटच्या कार्यालयातून फोन आला. बँडसॉची उंची किती, असे भरणीचा आराखडा करणाऱ्या बाईंनी विचारले. मी उत्पादकाच्या माहितीपत्रकातला २.१ मीटर हा आकडा सांगितला.

“यंत्राची नको, क्रेटची सांगा,” त्या म्हणाल्या, “आणि तळाच्या ठोकळ्यांसकट.”

क्रेटची २.३ मीटर. साध्या २० फुटी कंटेनरची आतली उंची सुमारे २.३९ मीटर असते, म्हणजे क्रेट आत मावेल; पण दाराची उंची सुमारे २.२८ मीटरच असते. क्रेट आत उभा राहू शकतो आणि आत जाऊ मात्र शकत नाही. भरणीच्या दिवशी गोदामात हे लक्षात आले असते तर कंटेनर परत गेला असता आणि जहाज चुकले असते. उत्पादकाशी बोलून बँडसॉचे टेबल सोडवून घ्यायचे आणि यंत्र पाठीवर आडवे ठेवून क्रेट बांधायचा असे ठरले. या यंत्राची पाठवणी ते नेहमीच अशी करतात असे कळले, त्यामुळे चिंता उरली नाही.

त्याच बाईंनी संध्याकाळी आराखडा पाठवला. रंधा यंत्र आणि डस्ट कलेक्टर आत शेजारी-शेजारी, बँडसॉ आडवा, दाराजवळ स्पिंडल मोल्डर आणि सुट्या भागांचा क्रेट. एकावर एक काही नाही आणि जड माल शक्यतो मध्यावर. मधल्या पोकळ्यांत लाकडी आधार आणि पट्टे.

६ फेब्रुवारी

एचएस कोड, म्हणजे सीमाशुल्कासाठीचे मालाच्या वर्गवारीचे क्रमांक, आज निश्चित झाले. जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही वर्गवारी १९८८ पासून अमलात आहे आणि तिचे पहिले सहा अंक जगभर सारखे असतात. त्यापुढचे अंक प्रत्येक देश आपल्या गरजेनुसार जोडतो. त्यामुळे निर्यातदाराच्या इन्व्हॉइसवरचा लांबलचक कोड जसाच्या तसा आपल्याकडे उतरवता येत नाही.

लाकूडकामाची यंत्रे ८४६५ मध्ये येतात, त्यात काही वाद नाही. त्यांचे सुटे भाग आणि जोडसाधने ८४६६ मध्ये. बँडसॉची पाती मात्र यंत्राचा भाग म्हणून मोजली जात नाहीत. करवतीची पाती ८२०२ मध्ये येतात आणि त्यांच्यावरचे शुल्क वेगळे असू शकते. म्हणून सुट्या भागांच्या क्रेटची पॅकिंग लिस्ट ‘जोडसाधने, १ क्रेट’ अशी न ठेवता ओळीनुसार करून घेतली.

खरा काथ्याकूट डस्ट कलेक्टरवर झाला. त्यात पंखा आहे म्हणून ८४१४, तो भुसा ओढतो म्हणून व्हॅक्यूम क्लीनरचे ८५०८, की हवा गाळतो म्हणून ८४२१? एजंटच्या सीमाशुल्क विभागाने उत्पादकाकडून तांत्रिक रेखाचित्र आणि गाळणीची माहिती मागवली. यंत्राचे मुख्य काम भुसामिश्रित हवा गाळून स्वच्छ करणे हे आहे, पंखा त्या कामाचे साधन आहे, या आधारावर ८४२१ मांडायचे ठरले आणि ते रेखाचित्र घोषणापत्रासोबत जोडण्यासाठी तयार ठेवले. वर्गवारीची जबाबदारी अखेर आयातदाराची असते; एजंटचे मत घ्यावे, पण त्यामागचे कारण आपल्याला समजलेले आणि लेखी हाताशी असावे.

१२ फेब्रुवारी

विमा. एफसीएमध्ये विक्रेत्यावर विम्याचे बंधन नाही, त्यामुळे तो आम्हीच घेतला. समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी रास्त शंका काढली : वाहतूकदार जबाबदार आहे, तर विम्याचा खर्च कशासाठी?

उत्तर आकड्यांत आहे. सागरी वाहतूकदाराची जबाबदारी ठरवणारे आंतरराष्ट्रीय हेग-व्हिस्बी नियम लागू असतील तर वाहतूकदाराची जबाबदारी प्रत्येक नगामागे ६६६.६७ एसडीआर किंवा ढोबळ वजनाच्या प्रत्येक किलोमागे २ एसडीआर, यांतील जे अधिक तेवढ्यापुरती मर्यादित असते. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी एकक आहे. आमच्या १०५० किलोंच्या रंधा यंत्रासाठी ही मर्यादा २१०० एसडीआर होते, आणि यंत्राची किंमत तिच्या कितीतरी पट आहे. शिवाय वादळ, समुद्रातील अपघात, नौकानयनातील चूक अशा कारणांनी झालेल्या हानीतून वाहतूकदाराला त्या नियमांत सूटही आहे.

दुसरे कारण सामायिक हानीचे. जहाज आणि सर्व माल वाचवण्यासाठी जाणूनबुजून केलेला खर्च किंवा त्याग सर्व मालमालकांत वाटला जातो, ही सागरी कायद्यातील फार जुनी तरतूद आहे. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात ‘एव्हर गिव्हन’ जहाज अडकले तेव्हा जहाजमालकांनी सामायिक हानी जाहीर केली आणि ज्यांच्या मालाला ओरखडाही आला नव्हता अशा आयातदारांनाही हमी दिल्याशिवाय माल मिळेना. विमा असेल तर ही हमी विमा कंपनी देते.

पॉलिसी इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस ए, म्हणजे माल विम्याच्या प्रमाणित अटींपैकी सर्वांत व्यापक, प्रकारची घेतली. माल, भाडे आणि विमा यांच्या बेरजेच्या ११० टक्के रकमेचे संरक्षण आहे. गंज वगळणारे कलम आहे का हे विचारून घेतले. नव्या यंत्रांसाठी ते नाही, मात्र अपुऱ्या वेष्टनामुळे झालेली हानी याही पॉलिसीत वगळलेली आहे. म्हणून वेष्टनाचे तपशील छायाचित्रांसह मागवायचे.

२६ फेब्रुवारी

वेष्टनाची छायाचित्रे आली. बिडाच्या टेबलांवर गंजरोधक तेलाचा थर आहे, त्यावर कागद, आणि संपूर्ण यंत्र आर्द्रता शोषणाऱ्या पिशव्यांसह धातूच्या पातळ वेष्टनात हवाबंद केलेले आहे. हे आम्ही आग्रहाने मागितले होते. कंटेनर रात्री थंड आणि दिवसा तापलेला राहिला की आतल्या हवेतील बाष्प छतावर जमते आणि थेंब होऊन मालावर पडते. ओल्या लाकडाचे क्रेट त्यात भर घालतात.

क्रेटच्या लाकडावरचे शिक्के भिंगाने पाहिले. लाकडी वेष्टनासाठी आयएसपीएम १५ हा आंतरराष्ट्रीय मानदंड आहे. लाकडाच्या गाभ्यापर्यंत किमान ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे राखून कीड मारावी लागते आणि गव्हाच्या कणसाचे चिन्ह, देशाचा दोन अक्षरी संकेत, उत्पादकाचा क्रमांक आणि उष्णता प्रक्रियेसाठी एचटी ही अक्षरे असलेला शिक्का मारावा लागतो. प्लायवूडला तो लागत नाही. चार क्रेट ठीक होते. डस्ट कलेक्टरच्या क्रेटच्या भिंती प्लायवूडच्या आहेत, तिथे शिक्का नसणे योग्यच. पण त्याच्या तळाचे ठोकळे भरीव लाकडाचे असून त्यांपैकी एकही शिक्का मारलेला दिसत नव्हता. एजंटला छायाचित्रावर खूण करून पाठवले. त्यांनी उत्पादकाला कळवले की असा क्रेट बंदरावर अडवून परत पाठवला जाऊ शकतो, आणि दोनच दिवसांत ठोकळे बदलल्याचे नवे छायाचित्र आले. शिक्का समोरासमोरच्या दोन बाजूंना स्पष्ट दिसतो आहे.

प्रत्येक क्रेटवर धक्का आणि कल दाखवणारे दर्शकही लावून घेतले.

७ मार्च

कंटेनर भरला. भरणीच्या आधी रिकाम्या कंटेनरच्या आतले, दार लावून प्रकाशाची छिद्रे तपासतानाचे, भरणी होताना प्रत्येक रांगेचे आणि शेवटी सीलचे छायाचित्र एजंटने पाठवले. सीलचा क्रमांक माझ्या वहीत स्वतंत्र लिहून ठेवला आहे.

भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही, हा नियम १ जुलै २०१६ पासून जगभर लागू आहे. येथे भरलेला कंटेनर काट्यावर तोलण्याऐवजी प्रत्येक क्रेट, आधाराचे लाकूड आणि रिकाम्या कंटेनरचे वजन यांची बेरीज करण्याची पद्धत वापरली गेली. पॅकिंग लिस्टमधील आकड्यांशी ती जुळते.

१० मार्च

बिल ऑफ लेडिंगचा मसुदा तपासायला आला. जहाज सुटल्यानंतर दुरुस्ती करायची तर शुल्क आणि वेळ दोन्ही जातात, म्हणून मसुद्यावर अर्धा दिवस घालवणे मला योग्य वाटते.

दोन दुरुस्त्या सुचवल्या. मालाच्या रकान्यात ‘१ कंटेनर, यंत्रसामग्री’ असे लिहिले होते. ते ‘१ कंटेनर, त्यात ५ क्रेट’ असे करून प्रत्येक क्रेटचे वर्णन घालायला सांगितले. हेग-व्हिस्बी नियमांनुसार बिलात नगांची संख्या नोंदलेली असेल तरच भरपाईसाठी प्रत्येक क्रेट स्वतंत्र नग धरला जातो. नाहीतर सगळा कंटेनर एकच नग. जड यंत्रांना याने फरक पडत नाही, कारण तिथे वजनाचा आकडा मोठा भरतो. पण २४० किलोंच्या सुट्या भागांच्या क्रेटला वजनाने ४८० एसडीआर मिळतील आणि नग म्हणून ६६६.६७. दुसरी दुरुस्ती संस्थेच्या नावाची. सीमाशुल्काकडील नोंदणीत जे नाव आहे तेच अक्षरशः बिलावर असले पाहिजे.

उरलेली रक्कम बिलाची प्रत मिळाल्यावर द्यायची असल्याने मूळ बिले तोवर उत्पादकाकडे राहतील. पैसे पोहोचले की तो ती एजंटच्या तिकडच्या कार्यालयात परत करील आणि इथे टेलेक्स रिलीजने, म्हणजे मूळ बिल न दाखवता तिकडच्या कार्यालयाच्या संदेशावर, माल सुटेल. मूळ कागद कुरिअरने येण्याची वाट पाहावी लागणार नाही, आणि पैसे मिळाल्याशिवाय उत्पादकाचा मालावरचा ताबाही सुटणार नाही. दोघांचाही विश्वास टिकवणारी ही व्यवस्था मला पसंत आहे.

१४ मार्च

जहाज भरल्यामुळे आमचा कंटेनर पुढच्या फेरीवर ढकलला गेला. एजंटने हे आम्ही विचारण्याआधी कळवले, पुढच्या जहाजाचे नाव दिले आणि टर्मिनलवरील वाढीव दिवसांचा आकार लाइनने माफ केल्याचे पत्र जोडले.

२१ मार्च

जहाज सुटले. मूळ बिलांची प्रत आली, दोन्ही दुरुस्त्या झालेल्या आहेत. बँकेला उरलेल्या रकमेची सूचना दिली.

१८ एप्रिल

मध्यंतरीच्या बंदरावर कंटेनर दुसऱ्या जहाजावर चढला. एजंटने आगमनाची सुधारित तारीख कळवली आणि त्याच पत्रात मोफत दिवसांचा हिशेब पुन्हा मांडला. भरलेला कंटेनर टर्मिनलवर मुदतीपलीकडे राहिला तर लागणारा आकार म्हणजे डिमरेज, आणि आमच्याकडे आणल्यावर रिकामा परत करायला उशीर झाला तर लागणारा आकार म्हणजे डिटेन्शन. काही लाइन दोन्हींची मुदत एकत्र धरतात, म्हणून शब्दांपेक्षा दरपत्रकातील व्याख्या पाहावी. आमच्या दरपत्रकात दोन्ही मुदती वेगवेगळ्या आहेत. जहाज लागण्याआधीच घोषणापत्र दाखल करण्यासाठी इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, मूळ देशाचा दाखला, विम्याची पावती आणि भाड्याचे बिल आज एजंटकडे दिले. शुल्कासाठी मालाचे मूल्य ठरवताना भाडे व विमा धरायचा की नाही हे जागतिक व्यापार संघटनेच्या मूल्यांकन करारात प्रत्येक देशावर सोपवलेले आहे. कोणतीही पद्धत असली तरी भाड्याचे बिल सुटे आणि स्पष्ट असणे उपयोगी पडते.

२ मे

जहाज लागले, कंटेनर उतरला. डिलिव्हरी ऑर्डर मिळाली. सीमाशुल्काने डस्ट कलेक्टरची प्रत्यक्ष तपासणी सांगितली आहे.

४ मे

तपासणी पार पडली. अधिकाऱ्यांनी वर्गवारीविषयी विचारलेला प्रश्न नेमका तोच होता : पंखा की गाळणी? एजंटच्या प्रतिनिधीने रेखाचित्र पुढे केले, क्रेटची एक फळी काढून गाळणीचा कक्ष दाखवला आणि नामपट्टीवरचा नमुना क्रमांक इन्व्हॉइसशी जुळवून दिला. वर्गवारी मान्य झाली आणि शुल्क भरून माल सुटला. कंटेनरला नवे सील लागले. त्याचा क्रमांक आणि तपासणीचा शेरा एजंटने लगेच पाठवला, नाहीतर उद्या दारात सीलचा क्रमांक बिलाशी जुळला नसता आणि प्रश्न उभा राहिला असता.

५ मे

कंटेनर कर्मशाळेत आला. दार उघडण्यापूर्वी सील नव्या क्रमांकाशी ताडून पाहिले. आतली भिंत आणि छत कोरडे होते.

स्पिंडल मोल्डरच्या क्रेटवरचा धक्कादर्शक लाल झालेला होता. क्रेट बाहेरून धड दिसत होता आणि ट्रेलरच्या चालकाला परतायची घाई होती, तरीही पोचपावतीवर ‘धक्कादर्शक सक्रिय, आतील हानीची तपासणी बाकी’ असा शेरा लिहूनच सही केली आणि त्याचीही सही घेतली. स्वच्छ पोचपावती दिली की माल सुस्थितीत मिळाला असे प्रथमदर्शनी गृहीत धरले जाते, आणि बाहेरून न दिसणाऱ्या हानीची लेखी सूचना हेग-व्हिस्बी नियमांत तीन दिवसांच्या आत द्यावी लागते.

क्रेट उघडल्यावर उंची बदलण्याच्या हातचाकाचा बिडाचा कंस तडकलेला दिसला. टेबल आणि स्पिंडल मात्र शाबूत आहेत; सरळपट्टी आणि फीलर गेज (बारीक फट मोजणाऱ्या पात्या) लावून दोन्ही तपासले. वेष्टन तसेच ठेवून छायाचित्रे घेतली. विमा कंपनीला आणि एजंटला वाहतूकदार या नात्याने आजच लेखी सूचना दिली. एजंटकडेही सूचना जाणे महत्त्वाचे आहे, कारण विमा कंपनी भरपाई दिल्यानंतर वाहतूकदाराकडून वसुली करू शकते आणि तो हक्क शाबूत ठेवणे हे विमाधारकाचे काम असते.

रिकामा कंटेनर झाडून, आधाराचे लाकूड आणि खिळे काढून मुदतीत परत गेला. परतीची पावती फाइलला लावली.

९ मे

हानीची पाहणी करणारे सर्व्हेअर येऊन गेले. वेष्टनात दोष नाही, हानी एका जोरदार आदळण्यामुळे, असा त्यांचा प्राथमिक अभिप्राय आहे. उत्पादकाला नवा कंस विमानाने पाठवायला सांगितले. विमानाच्या भाड्यात आकारमानाचे वजन आणि प्रत्यक्ष वजन यांतील मोठे धरतात : ४० × ३० × २५ सेंटिमीटरच्या खोक्याचे ३०,००० घनसेंटिमीटर, ६००० ने भागले की ५ किलो. प्रत्यक्ष वजन ७ किलो, म्हणून भाडे ७ किलोंवर लागेल. समुद्रमार्गे आकारमानावर आकारणी झालेल्या यंत्राचा हा भाग विमानात वजनावर मोजला जाणार आहे. कंस लहान असला तरी एचएस कोड आणि मूल्य घोषित करावे लागेलच. ‘विनामूल्य बदली’ म्हणून शून्य मूल्य लिहू नये, खरे मूल्य लिहून त्यापुढे विनामूल्य असा शेरा द्यावा, असे उत्पादकाला कळवले.

१६ मे

एजंटचे अंतिम बिल आले. दरपत्रकाशी एकेक ओळ ताडून पाहिली. सीमाशुल्क तपासणीसाठी कंटेनर हलवण्याचा आकार दरपत्रकात ‘प्रत्यक्ष खर्चानुसार’ असा होता आणि सोबत टर्मिनलची पावती आहे, तो मान्य केला. ‘चलन समायोजन’ ही ओळ दरपत्रकात नव्हती, आणि दर त्याच चलनात ठरलेला असल्याने तिचा आधार विचारला. दुसऱ्या दिवशी ती ओळ काढून सुधारित बिल आले.

पुढच्या टप्प्यातील दोन लेथ यंत्रांची चौकशी याच एजंटकडे केली आहे. तळाच्या ठोकळ्यांसकट क्रेटची उंची, लाकडावरच्या शिक्क्यांची छायाचित्रे आणि बिलातील नगांची संख्या या तीन बाबी उत्पादकाच्या खरेदी आदेशातच अट म्हणून घातल्या असून, मसुदा उद्या समितीपुढे जाईल.